प्रस्तावना : हे दुप्पट झालं, तर ते कितीपट?

अकरावी सायन्सच्या वर्गात एकदा फळ्यावर घनतेचं साधं उदाहरण लिहिलं होतं. एका द्रवाची घनता लिटरला १.०२८ किलोग्रॅम आहे. तर ४० लिटर द्रवाचं वस्तुमान किती? मागच्या बाकावरच्या एका मुलाने वही मिटून ठेवली होती. कारण विचारलं, तर म्हणाला, "सर, फॉर्म्युला आठवत नाही. वस्तुमान भागिले आकारमान, की उलटं?"

मुलगा दुधाचा धंदा असलेल्या घरातला. मी विषय बदलला. "डेअरीत गाईच्या दुधाला डिग्री किती लागते?"

"अठ्ठावीस."

"म्हणजे काय?"

त्याने खांदे उडवले. मी सांगितलं, "पाण्याचा लिटर एक किलोचा धर. त्याच्यावर दुधाचा लिटर जितके ग्रॅम जास्त भरतो, तितकी त्याची डिग्री. आता सांग, चाळीस लिटरचा भरलेला कॅन, कॅनचं वजन सोडून, किती किलोचा?"

वही न उघडता तो म्हणाला, "एकेचाळीस किलो आणि वर एकशेवीस ग्रॅम."

फळ्यावरचं उदाहरण त्याने सोडवलं होतं. आपण तेच सोडवलं, हे मात्र त्याला फळ्याकडे बोट दाखवल्यावर कळलं.

हे पुस्तक त्या मुलासाठी, आणि त्याच्यासारख्या बऱ्याच जणांसाठी लिहिलं आहे. भौतिकशास्त्र का सोडलंस, असं विचारलं की "गणित कच्चं आहे" हे उत्तर ठरलेलं असतं. पण अशा विद्यार्थ्याची वही उघडून बघा. चूक सहसा सदिशांच्या गुणाकारात किंवा विकलनात नसते. कुठे घातांकाचं उणे चिन्ह गळालेलं असतं, कुठे सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिलेले असतात, कुठे छेदातलं पद बरोबरच्या चिन्हापलीकडे जाताना छेदातच राहिलेलं असतं. हे सगळं सातवी ते दहावीचं गणित. ते या मुलांना येतं, गणिताच्या तासाला त्यावर मार्कही पडलेले असतात. फक्त फिजिक्सचा तास सुरू झाला की ते दप्तरात राहतं.

म्हणून या पुस्तकात नवं गणित थोडं आहे. जुनंच गणित कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरायचं, हे सांगण्याचा खटाटोप जास्त आहे. आणि तो प्रश्न एकच आहे: हे दुप्पट झालं, तर ते कितीपट होईल?

त्रैराशिक आणि त्याची हद्द

तीन राशी ठाऊक, चौथी काढायची, म्हणून त्रैराशिक. जुन्या गणितात त्या राशींना नावं होती. पाच वह्यांना दोनशे रुपये, तर आठ वह्यांना किती? यात पाच हे प्रमाण, दोनशे हे फल आणि आठ ही इच्छा. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं, की इच्छाफल हाती येतं. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त त्रैराशिकाचं माहात्म्य सांगताना थेट भगवंताची उपमा दिली आहे. हे जग जसं श्रीहरीने व्यापलेलं आहे, तसा हा सारा गणितविधी त्रैराशिकाने व्यापलेला आहे, असा तिचा आशय.

भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाची पानं चाळली, तर ही उपमा फारशी अतिशयोक्त वाटत नाही. एकसमान वेगाने जाणारी गाडी दुप्पट वेळात दुप्पट अंतर कापते. स्प्रिंगला दुप्पट वजन टांगलं, की ती दुप्पट ताणली जाते. तारेच्या दोन टोकांमधलं विभवांतर दुप्पट केलं, की तिच्यातून दुप्पट विद्युतधारा वाहते. पहिल्या नियमावर न्यूटनच्या आधीपासून लोक प्रवासाचे हिशेब करत आले, दुसऱ्याला हूकचं नाव आहे, तिसऱ्याला ओहमचं. गणिताच्या दृष्टीने तिन्ही वह्यांच्या किमतीचीच उदाहरणं आहेत. बॉइलचा नियम त्याच्या उलट: तापमान तेच ठेवून वायूवरचा दाब दुप्पट केला, की आकारमान निम्मं. दुप्पट मजूर लावले की काम निम्म्या दिवसांत, हे व्यस्त त्रैराशिकही 'लीलावती'त आहेच.

पण इथेच एक खड्डा आहे, आणि विद्यार्थी सगळ्यात जास्त त्यातच पडतात. त्रैराशिक इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की ते लागू नसेल तिथेही हात आपोआप तिकडे जातो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल ब्रेक दाबल्यावर १० मीटरवर थांबते. तर ताशी ७२ वेगाने जाणारी किती मीटरवर थांबेल? वर्गात एकमुखाने उत्तर येतं, "वीस." खरं उत्तर चाळीस. ब्रेक तेच, रस्ता तोच. वेग दुप्पट, तर थांबण्याचं अंतर चौपट. कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. या एका उत्तरातला फरक महामार्गावर किती महाग पडतो, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण स्वयंपाकघरातलं. नेहमीच्या मोदकाच्या दुप्पट उंचीचा, अगदी त्याच घाटाचा मोदक करायचा ठरवला. पारीची जाडी तेवढीच ठेवली, तर उकड साधारण चौपट लागेल आणि सारण साधारण आठपट. पृष्ठफळ लांबीच्या वर्गाने वाढतं, घनफळ घनाने. सारण आठपट, पण वाफ आत शिरायला जागा मात्र चौपटच. मोठा मोदक उकडायला वेळ का लागतो, त्याचं एक कारण यात आहे. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात हाच विचार हाडांना लावला. प्राण्याचा आकार सगळ्या बाजूंनी दुप्पट केला, तर त्याचं वजन आठपट होईल, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच होईल. म्हणून मोठ्या प्राण्याची हाडं नुसती लांब असून भागत नाही, ती प्रमाणाबाहेर जाड असावी लागतात. हत्तीचा पाय हरणाच्या पायाची मोठी प्रत का नाही, याचं उत्तर आठवीतल्या घातांकांनी मिळतं.

म्हणून पुस्तकाचं पहिलं प्रकरण चलनाचं आहे: समचलन, व्यस्तचलन, वर्गाचं, घनाचं, वर्गमुळाचं. लोलकाची लांबी चौपट केली की आंदोलनकाल दुप्पट होतो. मीटरभर लांबीच्या लोलकाला एका आंदोलनास सुमारे दोन सेकंद लागतात, तर पंचवीस सेंटिमीटरच्या लोलकाला सुमारे एक. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की पुस्तकावर पडणारा उजेड एक चतुर्थांश होतो. यातलं एकही सूत्र पाठ नसलं तरी चालेल. कोणती राशी कुणाच्या कितव्या घाताने चालते, एवढं ठाऊक असलं, की निम्मा हिशेब तोंडी होतो.

संख्येचं आडनाव

गणिताच्या पेपरात उत्तर "सात" आलं की काम झालं. भौतिकशास्त्रात नुसत्या "सात"ला कुणी विचारत नाही. सात काय? मीटर, सेकंद, की न्यूटन? एकक हे संख्येचं आडनाव आहे. त्यावरून ती कुठल्या घरची हे कळतं. आणि बेरीज-वजाबाकी एकाच घरातल्यांची होते. तीन मीटरमध्ये दोन सेकंद मिळवता येत नाहीत.

आडनाव हरवलं की काय होतं, याचा धडा २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानाने घेतला. कॅनडा तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता आणि हे विमान इंधन किलोग्रॅममध्ये मोजणारं होतं. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवं होतं. टाकीत ७,६८२ लिटर शिल्लक होतं. त्याचे किलो किती? इंधनाचा लिटर साधारण ०.८ किलोग्रॅमचा. हिशेबात मात्र सवयीचा १.७७ हा आकडा घेतला गेला, आणि तो होता लिटरला पौंडांचा. गुणाकार अचूक झाला, भागाकारही अचूक झाला. वीस हजार लिटरच्या आसपास भरायला हवं होतं, तिथे पाच हजारांहूनही कमी भरलं गेलं. ४१ हजार फुटांवर इंधन संपायला लागलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांना ग्लायडर चालवण्याचा सराव होता. त्यांनी ते अवजड विमान तरंगवत गिमली या गावाजवळच्या जुन्या हवाईतळावर उतरवलं आणि सगळ्यांचे प्राण वाचले. त्या हिशेबातलं गणित सातवीच्या त्रैराशिकाचंच होतं. चुकलं ते फक्त आडनाव.

याच एककांचा एक सुखद उपयोगही आहे, आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. "वस्तुमान भागिले आकारमान, की उलटं?" घनता "लिटरला इतके किलो" अशी सांगतात ना? मग किलो वर, लिटर खाली. सूत्र एककातच लिहिलेलं आहे. लोलकाच्या सूत्रात वर्गमुळाखाली लांबी वर की गुरुत्व त्वरण वर, हे आठवत नसेल, तर एककं मांडा. मीटरला "मीटर प्रति सेकंद वर्ग"ने भागलं, की सेकंदाचा वर्ग उरतो. त्याचं वर्गमूळ सेकंद. उलटं मांडलं तर काळाऐवजी भलतंच काही येतं. परीक्षेच्या हॉलमध्ये कुणाच्याही वहीत न डोकावता करता येणारी ही खातरजमा आहे.

एककांच्या या दुसऱ्या प्रकरणातच दहाच्या घातांची ओळख आहे. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे, म्हणजे दीड गुणिले दहाचा अकरावा घात इतके मीटर. प्रकाश सेकंदाला तीन गुणिले दहाचा आठवा घात इतके मीटर जातो. भागाकार करायला कागद लागत नाही: दीड भागिले तीन म्हणजे अर्धा, अकरातून आठ गेले तीन, अर्ध्या हजाराचे पाचशे. पाचशे सेकंद, म्हणजे आठ मिनिटं वीस सेकंद. सकाळी खिडकीतून आत आलेलं ऊन तेवढं जुनं असतं.

आपल्या बोर्डाच्या बारावीच्या पेपराला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. मुलं त्यामुळे वैतागतात. मला वाटतं, यात नकळत एक भलं झालं आहे. जॉन नेपियरने १६१४ साली लॉगॅरिदम जगापुढे मांडले, ते गुणाकाराची बेरीज करण्यासाठी. लॉग म्हणजे दुसरं काही नाही, दहाचा घातांक. टेबल उघडण्याआधी उत्तराचा दशांशचिन्हापर्यंतचा पल्ला स्वतःच्या डोक्याने ठरवावा लागतो, आणि ज्याने तो ठरवला त्याचं उत्तर हजारपटीने चुकत नाही. कॅल्क्युलेटर हा विचार करू देत नाही. उलट, फूटपट्टीने मोजलेल्या १२.४ ला ३.७ ने भागून तो ३.३५१३५१३५ असं छातीठोक उत्तर देतो. आपल्या पट्टीला यातलं ३.४ च्या पुढचं काहीही माहीत नाही, हे सांगणारा नियम म्हणजे सार्थ अंक.

अक्षरं बोलायला लागतात तेव्हा

बीजगणितातला एक्स हा निनावी असतो; त्याला शोधून काढलं की त्याचं काम संपतं. भौतिकशास्त्रातलं अक्षर आधीपासून कुणीतरी असतं: वस्तुमान, त्वरण, काळ. त्यामुळे इथलं समीकरण सोडवण्याआधी वाचायचं असतं. "बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण" हे वाचताना स्वतःला विचारा: ढकलण्याचा जोर तोच ठेवला आणि हातगाडीवर दुप्पट माल चढवला, तर? त्वरण निम्मं. समीकरण बोललं.

बरोबरच्या चिन्हाचेही सूर वेगवेगळे असतात. "वेग बरोबर विस्थापन भागिले काळ" ही व्याख्या आहे, ती खोटी ठरूच शकत नाही. "बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण" हा निसर्गाविषयीचा दावा आहे, तो प्रयोगाने पारखून घेतलेला आहे. आणि "उत्तर बरोबर २० मीटर" हा एका विशिष्ट प्रसंगाचा निकाल. तिन्ही ठिकाणी चिन्ह तेच. विद्यार्थ्याने मात्र तिघांशी वेगळं वागायला हवं.

उणे चिन्हाचंही तसंच. गणितात ते शून्याच्या डावीकडे बसतं. इथे ते दिशा सांगतं: वर फेकलेल्या चेंडूचा वेग उणे झाला, म्हणजे तो आता खाली येतोय. ही दिशा आपणच आधी ठरवलेली असते, आणि एकदा ठरवली की उदाहरण संपेपर्यंत बदलायची नसते.

आणखी एक सवय लावून घ्या. आकडे घालायची घाई करू नका. अक्षरांतच शक्य तितकं पुढे जा. चाकं न फिरता रस्त्यावर घासत थांबणाऱ्या गाडीचं उदाहरण घ्या. घर्षणाच्या साध्या नियमाने अक्षरांत हिशेब केला, की शेवटच्या ओळीआधी गाडीचं वस्तुमान दोन्ही बाजूंनी उडून जातं. थांबण्याचं अंतर गाडी किती जड यावर अवलंबून नाही, ही केवढी मोठी गोष्ट त्या एका काटछाटीत कळते! पहिल्याच ओळीत १,२०० किलोग्रॅम लिहून टाकणाऱ्याला ती कधी दिसत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांच्या वाट्याला इथे एक जादा अडचण येते. दहावीपर्यंतचा रेषेचा "चढ" अकरावीत "स्लोप" होतो, "सदिश" "वेक्टर" होतात, "संवेग" "मोमेंटम" होतो. ओळखीचा माणूस नव्या कपड्यांत भेटावा तसं होतं, आणि मुलं त्याला परका समजून बिचकतात. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला दोन्ही नावं शेजारी-शेजारी दिली आहेत. कोणतं वापरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माणूस एकच आहे, एवढं विसरू नका.

धनुष्याची दोरी

मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते. प्रवासी बटाटेवड्याच्या मागे असतात, तेव्हा गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडली जात असतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. का लागतात ती? बोरघाटाचा सगळ्यात तीव्र चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण उतारावर गाडीच्या वजनाचा जितका हिस्सा तिला मागे खेचतो, तो या चढाच्याच प्रमाणात असतो. हजार टनांची गाडी असेल, तर सुमारे २७ टन वजन टांगून खेचावं, इतक्या बळाने घाट तिला सतत मागे ओढत असतो. घर्षण वेगळंच.

हा हिस्सा म्हणजे साइन. त्रिकोणमितीला मुलं सूत्रांच्या पाढ्यामुळे घाबरतात, पण मुळात तीही त्रैराशिकच आहे: एका कोनाचे सगळे काटकोन त्रिकोण एकमेकांशी समरूप असतात, म्हणून त्यांच्या बाजूंची गुणोत्तरं तीच राहतात. घाट छोटा काढा की मोठा, १ आणि ३७ चं नातं बदलत नाही.

आणि हा साइन आपल्याला वाटतो तितका परदेशी नाही. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, त्याची दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा. आर्यभटाने अर्ध्या कंसाच्या अर्ध्या दोरीचं कोष्टक मांडलं. संस्कृतातली जीवा अरबी लिपीत गेली, तिथे त्या अक्षरांचा उच्चार बदलून "खोलगट भाग" अशा अर्थाचा दुसराच शब्द वाचला गेला, लॅटिनमध्ये त्या अर्थाचं भाषांतर झालं "सायनस", आणि त्याचा साइन होऊन तो अकरावीच्या पुस्तकात परत आला.

इसवी सन ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटाच्या त्या कोष्टकात एक गंमत दडलेली आहे. त्यात २४ ज्या आहेत, २२५ कलांच्या अंतराने. साठ कला म्हणजे एक अंश, तेव्हा २२५ कला म्हणजे पावणेचार अंश. आता त्यातली पहिली ज्या किती? तीही २२५. त्रिज्या ३,४३८ धरली आहे, कारण वर्तुळाच्या २१,६०० कलांचा परिघ केला तर त्रिज्या तेवढी येते. म्हणजे कंस आणि दोरी एकाच मापाने मोजली आहेत, आणि कंस लहान असला की ती दोन्ही जवळजवळ सारखी भरतात. एकोणीस-वीसचाही फरक नाही. साध्या पूर्णांकात तो दिसतच नाही. कंस त्रिज्येच्या मापाने मोजायची ही रीत म्हणजे आजचं रेडियन, आणि लहान कोनाचा साइन कोनाइतकाच, हे तर लोलकाच्या धड्यातलं हमखास लागणारं वाक्य. पुढे दोरी कंसाच्या मागे पडत जाते; दुप्पट कोनाला दुप्पट ज्या मिळत नाही. त्रैराशिक मोडतं. पण लहान तुकड्यात ते टिकतं, हे मनात ठेवा. पुढच्या प्रकरणाचा सगळा डोलारा त्यावर आहे.

क्षणाचा वेग

मुंबई ते पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. चार तास लागले तर सरासरी वेग ताशी ४८. पण घाटात गाडी याहून हळू होती आणि लोणावळ्यानंतर वेगात. मग "आत्ता, या क्षणी" वेग किती? क्षणात तर गाडी हलतच नाही! विकलनाची सगळी भीती या एका कोड्यात आहे, आणि ते सोडवायला एक दगड पुरतो.

उंचावरून दगड सोडला. हिशेब सोपा राहावा म्हणून गुरुत्व त्वरण १० धरू. एका सेकंदात तो ५ मीटर पडतो, दोन सेकंदांत २०, तीन सेकंदांत ४५. दुप्पट वेळ, चौपट अंतर, त्रैराशिक नाही. बरोबर दुसऱ्या सेकंदाला वेग किती? दोन ते तीन सेकंदांत तो २५ मीटर पडला, तेव्हा सरासरी २५. तुकडा लहान करू. दोन ते २.१ सेकंदांत २.०५ मीटर, सरासरी २०.५. दोन ते २.०१ सेकंदांत सरासरी २०.०५. पुढचं उत्तर तुम्हीच ओळखाल. तुकडा जितका लहान, तितकी सरासरी २० ला चिकटत जाते. तो २० हाच त्या क्षणाचा वेग. आलेखावर पाहिलं, तर वक्ररेषेचा पुरेसा लहान तुकडा सरळ दिसतो आणि त्याचा चढ २० भरतो. विकलन म्हणजे वक्र गोष्टीच्या इतक्या लहान तुकड्याकडे जाणं, की तिथे पुन्हा त्रैराशिक चालू लागेल. संकलन म्हणजे ते तुकडे पुन्हा जोडणं. नियम पुढे पुष्कळ आहेत, पण कल्पना एवढीच.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'त या वाटेवरचं एक पाऊल दिसतं. ग्रहाची कालची आणि आजची जागा वजा केली, की दिवसाची गती मिळते. पण चंद्राची गती दिवसभरात बरीच बदलते. तिथी नेमकी कधी संपते हे काढायला ही ढोबळ गती पुरत नाही. म्हणून त्यांनी तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या वेळेच्या गतीचा विचार केला. कॅल्क्युलसचं शास्त्र त्यांनी उभारलं, असा दावा मी करणार नाही. ते पाच शतकांनंतर न्यूटन आणि लायब्निझ यांच्या हातून आकाराला आलं. पण प्रश्न तोच होता, आणि तो पंचांगाच्या गरजेतून आला होता. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे, आणि तिचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. हे गणित शिकवण्याचा खर्च कशातून भागायचा, हे आपल्या भाषेत आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलं गेलं होतं.

हे पुस्तक कसं वापरावं

पेन्सिल आणि कोरा कागद घेऊन बसा. कॅल्क्युलेटर शेवटच्या प्रकरणापर्यंत लागत नाही. प्रत्येक उदाहरण सोडवण्याआधी उत्तराचा अंदाज समासात लिहा, मग तो कितीही चुकू दे. चुकलेला अंदाज खोडू नका. तीन महिन्यांनी समास पुन्हा वाचलात, तर आपली नजर किती तयार झाली, हे मार्कांपेक्षा चांगलं कळेल. प्रकरणं क्रमाने वाचण्याचं बंधन नाही, पण पहिली दोन सोडून पुढे जाऊ नका. ज्याचं चलन आणि एककं पक्की, त्याचं बाकीचं मार्गी लागतं.

या पुस्तकात संमिश्र संख्या, सारणिक, अवकल समीकरणं नाहीत. त्यांची गरज पुढे पडेल, आणि तेव्हा ती शिकायला कारणही हाताशी असेल. शिक्षकांना एकच विनंती आहे: मुलांचं उत्तर चुकलं, तर सूत्र सांगण्याआधी "दुप्पट केलं तर काय होईल?" एवढं विचारून बघा. पुष्कळदा चूक ज्याची त्यालाच सापडते.

शेवटी पुन्हा दुधाकडे. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी येऊन मला एक प्रश्न विचारला, आणि तो या पुस्तकाचं पहिलं उदाहरण झाला. ३६ लिटर दुधात ४ लिटर पाणी घातलं, तर डिग्री किती उतरेल? पाण्याची डिग्री शून्य. दूध दहात नऊ भाग उरलं. तेव्हा २८ चे नऊ दशांश, म्हणजे २५.२. निखळ त्रैराशिक. तो हसला आणि म्हणाला, "पण सर, आधी साय काढून घेतली तर? साय हलकी असते. ती काढली की डिग्री वाढते, मग पाणी घातलं की परत अठ्ठावीसवर येते. म्हणून तर डेअरीत फॅटही बघतात."

साय किती काढली आणि पाणी किती घातलं, या दोन गोष्टी माहीत नाहीत. म्हणून मापंही दोन घ्यावी लागतात. दोन चलांतली एकसामयिक समीकरणं त्याच्या घरी रोज पहाटे सुटत होती. त्याला फक्त त्यांचं नाव सांगायचं राहिलं होतं.